जुना प्लाझ्मा टीव्ही घेताना: पडदा अंधारात बघा, मागचं लेबल वाचा, मगच पैसे द्या

प्लाझ्मा टीव्ही आता नवा मिळत नाही. पायोनियरने २००९ मध्ये टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. पॅनासोनिकने डिसेंबर २०१३ मध्ये प्लाझ्मा पॅनेल बनवणं थांबवलं. सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे आज विकायला येणारा कुठलाही प्लाझ्मा दहा वर्षांपेक्षा जुनाच असणार. तरीही ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "एकाकडे पन्नास इंची प्लाझ्मा आहे, अगदी स्वस्तात देतोय, घेऊ का?"

माझं उत्तर ठरलेलं असतं. तुमचं घर आणि तुमच्या बघण्याच्या सवयी त्याला मानवणाऱ्या असतील तर जरूर घ्या. पण अंधाऱ्या खोलीत पाऊण तास तो चालू ठेवून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मी स्वतः अजून प्लाझ्मावरच सिनेमा बघतो आणि तो बंद पडेपर्यंत बदलणार नाही. एक घेताना चूकही केली आहे, ती पुढे सांगतो.

यात वेगळं काय असतं

ट्यूबलाइट कशी पेटते ते आठवा. नळीतल्या वायूतून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि ते काचेच्या आतल्या पांढऱ्या लेपावर पडले की उजेड होतो. प्लाझ्माच्या पडद्यात तेच होतं, फक्त अतिशय लहान आकारात. दोन काचांच्या मध्ये लाखो कप्पे असतात, त्यांत निऑन आणि झेनॉन हे वायू, आणि प्रत्येक कप्प्याला लाल, हिरवा किंवा निळा लेप. चित्राचा प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः देतो. एलसीडी किंवा साध्या एलईडी टीव्हीत मागे दिवे सतत जळत असतात आणि पुढचा पडदा तो उजेड अडवतो. पण तो पूर्ण अडत नाही, म्हणून रात्रीच्या प्रसंगात काळा रंग राखाडी दिसतो. प्लाझ्मात काळं खरोखर काळ्याच्या जवळ जातं. पायोनियरने आपल्या शेवटच्या मालिकेला ‘कुरो’ नाव दिलं होतं. जपानीत त्याचा अर्थच ‘काळा’.

दुसरी गोष्ट हालचालीची. प्लाझ्माचा ठिपका सतत पेटलेला नसतो, तो फार झपाट्याने लुकलुकतो. त्यामुळे सीमारेषेकडे धावणारा चेंडू पुसट होत नाही, चेंडूच राहतो. साध्या एलईडीवर क्रिकेट बघायची सवय झालेल्या माणसाला हा फरक पहिल्याच षटकात कळतो. आजच्या ओलेडमध्येही ठिपका स्वतः उजळतो आणि त्याचा काळा रंग प्लाझ्माहून गडद असतो, पण चालत्या चित्राच्या स्वच्छपणात मला अजून प्लाझ्माच बरा वाटतो.

आधी घरातली माणसं बघा

टीव्ही तपासण्याच्या आधी हे तपासा की घरात कोण, काय, किती वेळ बघतं.

प्लाझ्माचा शत्रू म्हणजे न हलणारं चित्र. वरच्या कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो, खालची ‘ब्रेकिंग न्यूज’ची लाल पट्टी, शेअर बाजाराचे आकडे, व्हिडिओ गेममधला स्कोअर. हे तासन् तास एकाच जागी राहिलं की तिथला लेप बाकीच्या पडद्यापेक्षा जास्त झिजतो आणि ठसा कायमचा राहतो. यालाच बर्न-इन म्हणतात. आपल्या मराठी बातम्यांच्या वाहिन्या आठवा. खाली दोन-दोन पट्ट्या, बाजूला चौकट, कोपऱ्यात लोगो. अर्ध्याहून जास्त पडदा जागचा हलतच नाही.

घरात आजोबा सकाळी सातपासून बातम्या लावून बसत असतील तर प्लाझ्मा घेऊ नका. त्यांना ‘बातम्या कमी बघा’ म्हणणं बरोबर नाही आणि ते चालणारही नाही. त्या घराला साधा एलईडीच योग्य. उलट संध्याकाळी मालिका, रात्री सिनेमा, सुट्टीच्या दिवशी सामना, असं मिश्र बघणं असेल तर काळजीचं कारण नाही.

जुन्या मालिका आणि जुने सिनेमे चौकोनी चौकटीत येतात आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. अधूनमधून बघायला हरकत नाही. पण रोज चार तास तेच बघणार असाल तर मधला भाग जास्त झिजेल आणि वर्षभरात कडेला उभी रेघ दिसायला लागेल.

खोली, अंतर आणि वीज

प्लाझ्माची पुढची बाजू काचेची असते आणि तिच्यात खिडकी आरशासारखी दिसते. भर दुपारी उघड्या गॅलरीसमोर प्लाझ्मा फिका पडणार. खिडकी पडद्याच्या समोर नको, बाजूला हवी, आणि जाड पडदे लावता यायला हवेत. हॉलला चारही बाजूंनी उजेड असेल आणि टीव्ही मुख्यतः दिवसा लागत असेल, तर विषय इथेच संपला.

अंतराचा हिशोब सोपा आहे. पन्नास इंची पडदा सुमारे १११ सेंटिमीटर रुंद आणि ६२ सेंटिमीटर उंच असतो. कर्णाच्या दीडपट ते अडीचपट अंतरावर बसावं, म्हणजे साधारण सव्वासहा ते साडेदहा फूट. दहा फुटी हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवला तर डोळे पडद्यापासून आठ फुटांवर येतात, तिथे पन्नास इंच छान बसतो. बेडरूममध्ये सहा फूटच मिळत असतील तर ४२ इंची बघा. बऱ्याच ४२ इंची प्लाझ्मांचं रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ आणि पन्नासचं १३६६ बाय ७६८ असतं. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० मिळाला तर उत्तमच, पण आठ फुटांवरून माणसाला आधी जाणवतात ते काळेपणा आणि रंग. ठिपक्यांची संख्या त्यानंतर. ४के प्लाझ्मा म्हणून कोणी घरगुती टीव्ही दाखवला तर तो प्लाझ्मा नाही.

विजेबद्दल स्पष्ट बोलतो, कारण इथे प्लाझ्मा खरोखर खर्चिक आहे. मागच्या लेबलवर कमाल वॉट लिहिलेले असतात. पन्नास इंचीवर ते तीनशेच्या वर असणं नेहमीचं. प्रत्यक्षात किती वीज लागते ते चित्रावर ठरतं. अंधारा सिनेमा कमी खातो, पांढराशुभ्र पडदा जास्त. सरासरी २५० वॉट धरले तर रोज पाच तासांचे महिन्याला साडेसदतीस युनिट होतात. त्याच आकाराचा १०० वॉटचा एलईडी पंधरा युनिट घेईल. फरक साडेबावीस युनिटांचा. महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटांना टप्पा बदलतो. तुमचं बिल आधीच २९० युनिटांच्या आसपास असेल, तर यांतले तीनशेच्या वरचे युनिट वरच्या दराने लागतील. म्हणून हिशोब गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून करा.

भिंतही बघून घ्या. स्टँड धरून पन्नास इंची सेट तीस किलोच्या आसपास किंवा वर जातो. नऊ इंची विटांच्या भिंतीवर तो निर्धास्त टांगता येतो. चार इंची पार्टिशनवर किंवा जिप्समच्या भिंतीवर टांगण्यापेक्षा भक्कम टेबलावर ठेवणं बरं.

खरंच प्लाझ्मा आहे का

आपल्याकडे कित्येक वर्षं कुठल्याही चपट्या टीव्हीला लोक ‘प्लाझ्मा’ म्हणत आले आहेत. विकणारा खोटं बोलत नसतो, त्याला तसं वाटत असतं. म्हणून आधी मागच्या लेबलचा फोटो मागवा. सॅमसंगचा मॉडेल नंबर पीएसने सुरू झाला तर प्लाझ्मा, एलएने झाला तर एलसीडी, यूएने झाला तर एलईडी. पॅनासोनिकमध्ये टीएच-पी म्हणजे प्लाझ्मा आणि टीएच-एल म्हणजे एलसीडी. एलजीत आकड्यानंतर पी आलं तर प्लाझ्मा, जसं ४२पीजे किंवा ५०पीटी, आणि एल आलं तर एलसीडी. पायोनियरचे बहुतेक नंबर पीडीपीने सुरू होतात. त्याच लेबलवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. ते २०१५ नंतरचं असेल तर फोन ठेवून द्या.

फोनवरच विचारायचे प्रश्न

टीव्ही घरात होता की दुकानात, हॉटेलात, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये? घराबाहेरचा सेट घेऊ नका. तिथे तो दिवसाचे बारा तास एकच वाहिनी दाखवत असतो. दुरुस्तीला कधी उघडला होता का, आतला कुठला सर्किट बोर्ड बदलला? ओरिजिनल रिमोट आहे का? काही सेटचं अर्धं सेटिंग रिमोटशिवाय उघडतच नाही. आणि सध्या तो भिंतीवर चालू स्थितीत आहे का? ‘काढून ठेवलाय, पण चालू आहे’ हे उत्तर मिळालं तर त्यांनी तुमच्यासमोर पुन्हा जोडून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पडद्यासमोरचा पाऊण तास

माझी चूक इथेच झाली. एका रविवारी दुपारी डोंबिवलीत एका घरी पन्नास इंची सेट बघायला गेलो. हॉलमध्ये लख्ख उजेड होता, टीव्हीवर गाणी लागली होती, रंग सुरेख दिसत होते. वीस मिनिटांत पैसे देऊन टेम्पो बोलावला. रात्री दिवे घालवून सिनेमा लावला. एका प्रसंगात राखाडी आभाळ आलं आणि त्या आभाळात, खालच्या बाजूला, आडवी पट्टी उमटली. वर उजव्या कोपऱ्यात लोगोचा गोल. पट्टीत अक्षरं नव्हती, फक्त फिकट चौकट होती, पण एकदा दिसल्यावर नजर तिथून हलेना. चार वर्षं मी ती पट्टी बघितली. म्हणून आता कुणासोबतही टीव्ही बघायला गेलो की आधी विनंती करतो: पडदे ओढा, दिवे घालवा.

जाताना एक पेन ड्राइव्ह न्या. तिच्यात साधी रंगीत चित्रं ठेवा: पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, पूर्ण लाल, हिरवं, निळं, आणि मध्यम राखाडी. टीव्हीला यूएसबी नसेल तर लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल न्या. सोबत स्वतःच्या पाठ असलेल्या सिनेमातला एखादा रात्रीचा प्रसंग आणि सामन्याचा एखादा तुकडा ठेवा. अनोळखी चित्रावर दोष ओळखता येत नाही. ओळखीच्या चित्रावर लगेच ओळखू येतो.

सेट थंड असताना चालू करायला सांगा. आपण पोचायच्या आधी तासभर चालवून ठेवला असेल तर काही दोष झाकले जातात. बटण दाबल्यावर आत रिलेचा टक् असा आवाज येतो आणि काही सेकंदांत चित्र येतं. दोन-तीनदा टक्-टक् होऊन बंद पडला, किंवा पुढचा लाल दिवा मोजून ठरावीक वेळा लुकलुकला, तर आतला कुठला तरी बोर्ड आजारी आहे.

मग काळं चित्र. पूर्ण अंधारात प्लाझ्माचा पडदा अगदी मंद उजळलेला दिसतो. कप्पे पेटायला तयार राहावेत म्हणून त्यांना थोडी वीज सतत दिली जाते, त्याचा हा उजेड. तो सगळीकडे सारखा असेल तर ठीक. पण काळ्यावर लाल, हिरवे, निळे ठिपके मुंग्यांसारखे चमचमत असतील, तर पॅनेल चालवणारे व्होल्टेज हलले आहेत किंवा वाय बोर्ड (कप्पे पेटवणारा आतला बोर्ड) थकलाय. हा दोष कधी नुसत्या सेटिंगने जातो, कधी हजारो रुपये खातो. विकत घेताना तो दोषच धरा.

राखाडी चित्र सर्वांत महत्त्वाचं. ठसे दिसतात ते इथेच. पडद्यापासून दोन फुटांवर उभे राहा, मग आठ फुटांवर जा. चारही कोपरे आणि खालची पट्टी बघा. सावली दिसली तर लगेच निराश होऊ नका. ठसा दोन प्रकारचा असतो. काही मिनिटांपूर्वीच्या चित्राची सावली राहणं हे प्लाझ्मात नेहमीचं, आणि ते थोड्या वेळाने जातं. म्हणून पंधरा मिनिटं पडदाभर हलतं चित्र चालवा आणि पुन्हा राखाडी लावा. सावली विरली तर काळजी नाही. तशीच राहिली तर ती कायमची, आणि कुठला मेकॅनिक ती काढू शकत नाही. कधी लाल चित्रावर ठसा दिसत नाही पण निळ्यावर दिसतो, म्हणून तिन्ही रंग एकेक करून लावा.

रंगांच्याच चित्रांवर रेघा बघा. वरपासून खालपर्यंत एक उभी बारीक रेघ, कुठल्याही रंगाची, कायम एकाच जागी, याचा अर्थ पॅनेलला जोडलेली चपटी केबल किंवा तिच्यावरची आयसी (चिप) गेली. एकीच्या दोन आणि दोनांच्या दहा व्हायला वेळ लागत नाही, आणि ही दुरुस्ती सहसा होत नाही. ‘पॅनेल गेलं की सेट गेला’ असं मेकॅनिक म्हणतात ते याबद्दलच. एखाद-दुसरा मेलेला ठिपका मात्र मी सोडून देतो.

पांढरं चित्र लावल्यावर पडदा मंद वाटेल. लहान पांढरा चौकोन जास्त झळाळतो आणि पूर्ण पांढरा पडदा कमी. वीज मर्यादेत राहावी म्हणून टीव्ही स्वतःच असं करतो. हा दोष नाही. पण पांढऱ्यावर एका बाजूला पिवळट किंवा गुलाबी छटा असेल तर ती लक्षात ठेवा आणि भाव ठरवताना सांगा.

आता आवाज. टीव्ही म्यूट करा, पंखा बंद करा आणि कान द्या. पांढऱ्या चित्रावर हलका गुणगुणता आवाज येतो. बसायच्या जागेवरून ऐकू येत नसेल तर ठीक. आठ फुटांवरून भुंगा ऐकू आला तर शांत सिनेमात तो छळेल. उंचीवर हा आवाज वाढतो, साधारण दोन हजार मीटरच्या पुढे, कारण बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, त्यामुळे महाराष्ट्रात ही चिंता नाही. पण लष्करातला कुणी नातेवाईक लेहला टीव्ही नेणार असेल तर त्याला नको म्हणा.

सामन्याचा तुकडा लावा आणि स्वतःच्या डोळ्यांना विचारा. आपल्या सेट-टॉप बॉक्समधून चित्र सेकंदाला पन्नास वेळा येतं आणि काही प्लाझ्मांवर, विशेषतः पांढऱ्या भागात, हा पन्नासचा लुकलुकाट काही लोकांना जाणवतो. काहींना अजिबात जाणवत नाही. तसंच काळ्यावरून पांढरी वस्तू झपाट्याने गेली की तिच्यामागे पिवळट-हिरवी शेपटी दिसते, तीही काहींनाच. पत्नीला, मुलांना सोबत नेणं याचसाठी. तुम्हाला त्रास होत नाही, पण आईचं डोकं दुखतं, असं झालं तर तो टीव्ही घरात टिकत नाही.

जाता जाता सगळे एचडीएमआय पोर्ट एकेक करून तपासा. वळवाच्या पावसात केबलमधून येणाऱ्या विजेच्या झटक्याने एखादा पोर्ट मेलेला असणं फार नेहमीचं आहे. शेवटी सेट बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. गरम झाल्यावर परत न पेटणारा सेट मी दोनदा पाहिला आहे.

मागची बाजू

झाकण स्वतः उघडू नका. आत दोनशे व्होल्टच्या आसपास काम चालतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते. बाहेरूनच टॉर्च मारा. जाळ्यांतून धुळीचा थर किती, गंज आहे का, हे दिसतं. कोकणातल्या आणि समुद्राजवळच्या घरांतले सेट जास्त लक्ष देऊन बघा. आणि पालीची विष्ठा दिसते का ते पाहा. हसू नका, उबेसाठी पाल मागच्या जाळीतून आत शिरते आणि बोर्डावर दोन टोकांना एकदम टेकली की ती मरते आणि बोर्डही जातो. मेकॅनिक लोकांना हे रोजचं आहे.

पॅनेल किती तास चाललंय ते सर्व्हिस मेन्यूत दिसतं. एलजीत ते ‘यूटीटी’ या नावाने असतं. ओळखीचा मेकॅनिक सोबत असेल तर त्याला दाखवायला सांगा, पण स्वतः त्या मेन्यूतले आकडे हलवू नका. शेवटच्या पिढ्यांच्या पॅनेलची चमक निम्मी व्हायला एक लाख तास लागतात, असं कंपन्या सांगत. रोज पाच तास धरले तर ती जवळजवळ पंचावन्न वर्षं झाली. म्हणजे पॅनेलची चमक सहसा प्रश्न नसतो, त्याच्या कितीतरी आधी बोर्ड दगा देतात. पंधरा हजार तासांचा, एकाच घरात नीट वापरलेला सेट मी डोळे झाकून पाच हजार तासांच्या हॉटेलातल्या सेटआधी निवडेन.

भाव

एकच कसोटी वापरतो: उद्या सकाळी हा पेटला नाही तर किती रुपये गेल्याचं दुःख मला पेलेल? त्याच्या वर जाऊ नका, कारण वॉरंटी नाही आणि परत विकायला गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही. नव्या ४३ इंची एलईडीच्या निम्म्याहून जास्त कोणी मागत असेल तर, तो कुरो किंवा पॅनासोनिकच्या २०१३ च्या व्हीटी, झेडटी मालिकेतला असल्याशिवाय, मी उठून येतो.

घ्यायच्या आधी दुरुस्तीचीही सोय बघा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारा, की या मॉडेलचा वाय बोर्ड, त्याच्या जोडीचा झेड बोर्ड आणि पॉवर सप्लाय जुना तरी मिळतो का. फोन करून मॉडेल नंबर सांगितला की पाच मिनिटांत कळतं. सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर बदलणं हे स्वस्त काम आहे. बोर्ड मिळतच नसेल तर पहिला बिघाड हाच शेवटचा.

घरी आणताना

उभाच आणा. हे सगळ्यांत महत्त्वाचं. टेम्पोवाले जागा वाचवायला टीव्ही आडवा टाकतात. प्लाझ्माची मोठी काच आडवी पडली की मध्ये स्वतःच्या वजनाने दबते, आणि एका खड्ड्यात कडेला तडा जातो. तडा बाहेरून दिसणारही नाही, पण पडदा पेटणार नाही. दोन गाद्यांच्या मध्ये उभा धरून, दोरीने बांधून, एक माणूस शेजारी बसवून आणा. उचलताना हात खालच्या कडेला आणि बाजूला, पडद्याच्या मध्यावर बोटं दाबायची नाहीत. पावसाळ्यात आणलात तर लगेच लावू नका, रात्रभर खोलीत राहू द्या.

चांगला स्पाइक गार्ड आणि खरं अर्थिंग असलेला सॉकेट वापरा. गावाकडे व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. विजा चमकायला लागल्या की प्लगबरोबर केबलही काढा. मागे आणि वर हवेला वीतभर जागा सोडा, पेटीसारख्या कपाटात बसवू नका.

पहिले काही आठवडे

पिक्चर मोड ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ ठेवा. ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ कधीच नको, तो दुकानातल्या उजेडासाठी असतो आणि पॅनेल झिजवतो. रंगाची छटा ‘वॉर्म’ करा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळा बसतो आणि माणसांची कातडी कातडीसारखी दिसते. शार्पनेस जवळजवळ शून्यावर. कॉन्ट्रास्ट रात्रीच्या खोलीत साठ-सत्तरच्या पुढे न्यायची गरज पडत नाही. मेन्यूत ‘पिक्सेल ऑर्बिटर’ किंवा ‘पिक्सेल शिफ्ट’ असेल तर तो चालू करा. चित्र काही मिनिटांनी ठिपकाभर सरकतं, डोळ्याला कळत नाही, आणि ठसा बसायला वेळ लागतो. जेवायला उठताना पॉज करून ठेवू नका, बंद करा.

स्ट्रीमिंगसाठी फायर टीव्ही स्टिकसारखं काहीतरी लागेलच. ४के स्टिक जोडली तरी चित्र फुल एचडीपर्यंतच येईल, त्यामुळे साधी स्टिक पुरते. तिच्या सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं येतात तो वेग) जुळवण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे कॅमेरा सरकणाऱ्या दृश्यांत धक्के कमी होतील. स्टिकचा मुख्य पडदा तसाच ठेवून झोपी गेलात तर तिथल्या चौकटी उमटतील, म्हणून स्क्रीन सेव्हर पाच मिनिटांवर ठेवा.

आणि कधीतरी तो बंद पडेल तेव्हा भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. जुन्या प्लाझ्मांच्या काचेत शिसं असतं, आणि भंगारात ती काच हातोड्याने फोडली जाते. अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्या. त्याआधी मेकॅनिककडून धड असलेले बोर्ड काढून घेऊन त्यालाच द्या. माझ्या डोंबिवलीच्या सेटची पट्टी शेवटपर्यंत गेली नाही, पण त्याचा पॉवर सप्लाय आज ठाण्यात एका शिक्षकांच्या घरच्या टीव्हीत चालतोय.